चार कोकरांची मेंढी

ज्या सरांविषयी मी लिहितेय, त्यांचं नाव इथं टाकायला माझा हात नुसता शिवशिवतोय. टाकणार नाही. त्यांच्या सुनेला मी ओळखते आणि ती भली बाई आहे, एवढंच कारण. माझा राग गेला म्हणून नाव गाळलं, असं मात्र कुणी समजू नये. लोक म्हणतात, वर्षं गेली की राग निवतो. माझा निवलेला नाही. मी तो जपून ठेवलाय आणि अधूनमधून काढून बघते.

सर रोज सोलापूरहून मोटारसायकलवर यायचे. आमचं गाव तामलवाडीच्या बाजूला. विज्ञान तेच शिकवायचे आणि समाजशास्त्राची जागा रिकामी असल्यामुळं इतिहास, भूगोल, राज्यशास्त्रही त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. शिकवणं म्हणजे गाईड उघडून उत्तरं सांगणं. वनस्पतींच्या ऊती असोत की देशाचं परराष्ट्र धोरण, आवाज एकच. वाक्याबरोबर स्वल्पविराम आणि पूर्णविरामही तोंडानं सांगायचे, आणि आमच्यातले काहीजण तेही अक्षरात लिहून ठेवायचे.

नववीत आनुवंशिकतेचा धडा आला. उंच वाटाणा, बुटका वाटाणा, त्यांची संतती, मग त्या संततीची संतती. सरांनी फळ्यावर चार घरांचा चौकोन काढला. तीन घरांत उंच लिहिलं, एका घरात बुटका. तीनास एक, हमखास येतं, पाठ करा, म्हणाले. वर्गानं पाठ केलं. मला मात्र बाकावर बसल्या बसल्या आमची मेंढरं दिसायला लागली. आम्ही मेंढपाळ. त्या वर्षी मामानं दिलेला पांढरा मेंढा आमच्या काळ्या कळपात सोडलेला होता आणि मेंढ्या नुकत्याच व्यायला लागल्या होत्या. काही कोकरं काळी, काही पांढरी, काही ठिपक्यांची. पुस्तकातला धडा आमच्या दारात चालू होता आणि माझ्याशिवाय तो कुणाला दिसत नव्हता.

आमच्यात मेंढरं मोजत नाहीत. मोजली की कमी होतात, असं माझे वडील, अप्पा, मानतात. एखादी चुकली तर त्यांना चेहऱ्यावरून कळतं कोण आली नाही ते. म्हणून मी आकडा तोंडातून न काढता वही भरली. एका पानावर एक मेंढी, तिच्या कानाची खूण, तिच्या आईचा रंग, कोकराचा रंग, कुठल्या पायावर पांढरं आहे ते. अप्पांना प्रत्येकीच्या तीन पिढ्या तोंडपाठ. ते जनावरं हाकता हाकता सांगायचे आणि मी मागून चालत लिहायचे. पाच महिने लिहिलं. तीनास एक काही येत नव्हतं. का येत नाही, एवढंच मला सरांना विचारायचं होतं.

सरांनी वही घेतली, चाळली आणि छान म्हणाले. मला त्यांनी तोवर कधीच छान म्हटलं नव्हतं. मी तो शब्द घरी नेला, आईला सांगितला, अप्पांना सांगितला. आठवड्यानं कळलं की वही तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात जाणार आहे, पण मांडणार माझ्या बाकावरची मैत्रीण. तिच्या वडलांचं कापडाचं दुकान होतं. घरात कानडी बोलायचे, पण शाळेत तिचं मराठी पुस्तकातल्यासारखं. मी सरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. ते मान वर न करता म्हणाले, "काम चांगलं आहे तुझं. पण तू तिथं म्या आणि न्हाय करायला लागलीस की परीक्षक हसतील. शाळेच्या अब्रूचा प्रश्न आहे."

तुळजापूरला प्रदर्शन झालं. तक्त्यावर मोठ्या अक्षरांत तिचं नाव, खाली मार्गदर्शक म्हणून सरांचं. पहिला नंबर आला. शाळेत प्रार्थनेच्या वेळी तिला पुढं बोलावलं, सरांना पुढं बोलावलं, आणि मी बाकीच्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. त्याच दिवशी चौथ्या तासाला सरांनी राज्यशास्त्र काढलं. मानवी हक्कांचा धडा. प्रत्येक व्यक्तीला प्रतिष्ठेनं जगण्याचा हक्क आहे, पूर्णविराम. मी ते वाक्य इतकं दाबून लिहिलं की पेनाचं टोक पानातून पलीकडं गेलं. त्या क्षणी ठरवलं, या माणसाला चारचौघांत तोंडघशी पाडायचं. कसं ते ठाऊक नव्हतं, पण पाडायचं.

वाट त्यांनीच दाखवली. जिल्ह्याला जाण्याआधी त्यांनी मला बोलावलं आणि वहीवर बोट आपटून म्हणाले की आकडे पुस्तकाशी जुळत नाहीत, असं तिथं चालणार नाही, सगळं नव्यानं लिहून आण. प्रत्येक मेंढीच्या नावाखाली चौकोन काढ आणि त्यात पिल्लं दाखव.

मी विचारलं, "एका मेंढीला चार कोकरं दाखवू, सर?"

"चौकोनात घरं किती?"

"चार."

"मग?"

एवढं शिकलेला माणूस, आणि तो चौकोन नुसता शक्यता दाखवतो, एका वेताची पिल्लं नाही, हे त्याला माहीत नव्हतं. मेंढी एका वेळी एक कोकरू देते, फार तर दोन. तिला सडच दोन असतात. आमच्याकडचं पाच वर्षांचं पोर हे सांगेल. माझ्या पोटात हसू आणि आनंद एकदमच उसळला. मी मान खाली घातली आणि म्हणाले, "व्हय सर, आणते लिहून."

दोन दिवसांत नवी वही तयार केली. इतकं सुंदर अक्षर मी आयुष्यात काढलं नव्हतं. प्रत्येक मेंढीला चार कोकरं, तीन काळी, एक पांढरं. कानाची खूण, पायाचा ठिपका, सगळं भरलं. सरांनी पानं उलटली आणि म्हणाले, आता कसं जुळलं.

मैत्रिणीला तेवढी शंका आली. पाठांतर करताना तिनं मधल्या सुट्टीत मला विचारलं, खरंच चार होतात का गं? तिच्या घरी शेळीसुद्धा नव्हती. मी बिनदिक्कत हो म्हणाले. ती पुढचं पाठ करायला लागली. मला त्या वेळी ती माणूस वाटतच नव्हती, सरांच्या हातातला माईक वाटत होती.

धाराशिवला जाताना मलाही नेलं. प्रदर्शनात जिवंत कोकरू ठेवलं की लोक थांबतात, असं सरांचं म्हणणं, आणि कोकरू सांभाळायला कुणीतरी लागणार. जीपमध्ये मी मागं, मांडीवर कोकरू घेऊन. हमाल म्हणून नेताय ना, न्या, असं मनात म्हणत होते. वाटभर मी डोळ्यांपुढं बघत होते, परीक्षक विचारताहेत, सर तोतरं बोलताहेत, घाम पुसताहेत. इतकं सुख मला पहिल्या नंबरानंही मिळालं नसतं.

परीक्षक तिघं आले. त्यातले एक जनावरांचे डॉक्टर. मैत्रीण न अडखळता बोलली. डॉक्टरांनी वही उघडली, एक पान वाचलं, दुसरं वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "एका वेताला चार? सगळ्या मेंढ्यांना?" मैत्रिणीनं आधी सरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. डॉक्टर मला म्हणाले, "तू सांग गं. मेंढी किती पिल्लं देते?"

"एक," मी म्हणाले. "लई झालं तर दोन."

बाजूच्या शाळांची पोरं हसली. मी सरांकडं बघितलं. आता घाम फुटणार, आता. पण सरांनी दोन पावलं मागं घेतली आणि अगदी शांतपणे म्हणाले की मी केवळ मार्गदर्शक, नोंदी विद्यार्थिनीनं स्वतः केल्यात, तिनं अशी लबाडी करावी याचं मलाच वाईट वाटतं. बोटानं त्यांनी तक्त्यावरचं नाव दाखवलं. ते नाव माझं नव्हतं. माझं नाही म्हणून मी तीन आठवडे जळत होते.

डॉक्टरांना बहुधा काहीतरी खटकलं होतं. त्यांनी वही मिटली आणि परत माझ्याकडंच वळले. विचारलं, "ही वही कुणाची?"

खरं बोलले असते तर दोन्ही वह्यांची गोष्ट सांगता आली असती, सर तिथंच सापडले असते. पण आधी म्हणावं लागलं असतं, ही लबाडी माझ्या हाताची. मी मैत्रिणीकडं हात केला आणि म्हणाले, "हिची."

शाळेला बाद केलं. डॉक्टरांनी तिच्या हातात वही परत दिली तेव्हा ती रडत नव्हती, तेच मला सहन होईना. सर पुढं वर्षानुवर्षं तोच चौकोन फळ्यावर काढत राहिले, मानानं निवृत्त झाले. अजून कुठं भेटले तर माझी विचारपूस करतात आणि माझ्या तळव्यांना आग लागते. त्यांचं काहीच वाकडं झालं नाही.

परत येताना सर ड्रायव्हरशेजारी बसून फोनवर बोलत होते. मैत्रीण मागं माझ्याजवळ येऊन बसली. तिनं हळू आवाजात विचारलं, तुला ठाऊक होतं? मी होय म्हणून मान हलवली. ती खिडकीबाहेर बघत, शाळेतलं मराठी सोडून म्हणाली, "सर म्हणत होते, कोकरू धरायला शिपाई बी चालतोय. म्याच अडून बसले, ती येणार नसंल तर मी बी येत न्हाय म्हणलं. तिथं कुणी विचारलं वही कुणाची, तर तुला सांगता यावं म्हणून."