मागच्या भिंतीवरचा कॅमेरा

दिवाळीच्या पाठोपाठ आमच्या मागच्या अंगणातली पाण्याची मोटर चोरीला गेली. नवीकोरी मोटर, पाइप कापून नेली मेल्यानं! मी दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. मोताळ्यातली आमची कॉलनी तशी शांत, कोणाच्या दारातली चप्पलसुद्धा जात नाही, आणि गेली ती आमचीच मोटर. ह्यांचं म्हणणं होतं, लोखंडी पिंजरा करून घेऊ आणि विषय संपवू. मी म्हटलं, पिंजरा नाही, कॅमेरे. मला त्या चोराचं तोंड पाहायचं होतं.

खामगावहून कॅमेरे बसवणारा आला. त्यानं खोक्यातून एकेक प्रकार काढून दाखवला. गोल, लांबट, गरागरा फिरणारा, अंधारातही रंगीत दाखवणारा, आवाजाचा. आवाजाचा नको म्हटलं, कारण आमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज माझाच. तो कशाला साठवून ठेवायचा? फाटकावर एक, पोर्चमध्ये एक, बाजूच्या बोळीत एक, इथपर्यंत आमचं जमलं. अडलं चौथ्यावर. तो म्हणत होता, स्लॅबच्या खाली कोपऱ्यात लावू, तोंड खाली ठेवू, मोटरची जागा बरोबर येते. मला ते पटेना. चोर शेजारच्या अंगणातून भिंत चढून आला होता, भिंतीवरचा चिखल मी स्वतः पाहिला होता. मग भिंतीपलीकडचं दिसायला नको? मी त्याला गच्चीच्या कठड्यापर्यंत चढवलं आणि खाली मोबाईल हातात धरून "अजून वर, अजून डावीकडं" करत राहिले.

"काकू, आता अर्धं तं त्याईचंच अंगण येऊन राह्यलं," तो वरून म्हणाला.

"येऊ दे. चोर तिकूनच आला होता."

"हाव, ते बी आहे. त्याईची फुकटात राखण होते," म्हणत त्यानं हसून स्क्रू आवळला.

हे मला फार आवडलं. मी तशीच भिंतीपाशी गेले आणि शेजारणीला सांगितलं, की वहिनी, आता तुमच्याही अंगणावर लक्ष राहील. ती खूश झाली. "बरं झालं माय! आमच्या घरचे तं दिवसभर वावरातच राह्यतात." झालं, परवानगी मिळाली असं मी धरून चालले. तिची सून तेव्हा हौदापाशी भांडी घासत बसली होती. तिला आमच्यापैकी कोणीच काही विचारलं नाही.

टीव्हीवर चार चौकोन दिसायला लागले आणि माझ्या दुपारच्या मालिका सुटल्या. कोण कोणाकडे गेलं, भाजीवाला कोणाच्या दारात किती रेंगाळला, सगळं मला बसल्या जागी कळायचं. कुठं काही हललं की माझ्या आणि ह्यांच्या मोबाईलवर टिंग वाजायचं आणि बारकासा फोटो यायचा. पहिले काही दिवस मी प्रत्येक टिंगला धावले. मग नुसतं बोटानं बाजूला सारायला शिकले.

शेजारची ती सून पंचविशीतली, लग्न होऊन फार दिवस झालेले नव्हते. सासू सगळीकडे सांगायची, "माही सून पोरीवानी राह्यते व." दुपारी सासूचा डोळा लागला की सून मागच्या अंगणात यायची. हौदाच्या आडोशाला, घरातून कोणाला दिसणार नाही अशा जागी, पालथ्या घमेल्यावर बसायची आणि पदराचा बोळा तोंडात धरून रडायची. घरातून दिसत नव्हती. माझ्या कॅमेऱ्यातून स्वच्छ दिसायची.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काळजात चर्र झालं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मी चहा ठेवायला उठले. पुढं तर सवयच झाली. एखाद्या दुपारी ती आली नाही की मी मनात म्हणायचे, आज बरं दिसतंय. भिंत माझ्या छातीइतकी आहे. एक हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. मारली नाही. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये असं मी स्वतःला बजावत होते, आणि नाक तर रोज तिकडंच होतं! आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

संक्रांतीचं हळदीकुंकू मी दरवर्षी करते. यंदा टीव्ही मुद्दाम चालू ठेवला. खोटं कशाला बोलू, मिरवायचंच होतं. बाया आल्या, हळदीकुंकू लागलं, हातावर तिळगूळ पडला आणि सगळ्यांचे डोळे टीव्हीकडे.

"ओ माय! हे तं आपली गल्ली व!"

"ते पाह्य, माह्या फाटकातली रांगोळी!"

एकजण तर बाहेर जाऊन कॅमेऱ्यापुढं हात हलवून आली. अशी हसाहस झाली की विचारू नका. शेजारीण सोफ्यावर बसली होती. सून काम उरकून मागून येते म्हणाली होती.

आणि मग चौथ्या चौकोनात सून आली. आवरलेली होती, चांगली साडी नेसलेली. घमेल्यावर बसली, डोकं गुडघ्यांवर टेकलं आणि तिचे खांदे हलायला लागले.

हसणं एकदम थांबलं नाही. ज्यांच्या लक्षात आलं त्या गप्प झाल्या, बाकीच्या त्यांच्याकडे पाहून गप्प झाल्या. शेजारणीच्या हातातला तिळगूळ हातातच राहिला.

"कांदे चिरले असन तिनं," ती म्हणाली.

मी रिमोट शोधत होते, तो वाणाच्या वाट्यांखाली गेला होता की कुठं, मला सापडेना. शेवटी मी टीव्हीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले, पदर दोन्ही हातांनी पसरून. एवढ्या बायांसमोर, स्वतःच्या घरात, तशी उभी होते मी.

"हे रोज दिसते का, ताई?" शेजारणीनं विचारलं.

"नाही हो, आजच..." मी म्हटलं. माझं तोंड पाहून तिला काय ते कळलं. वाण न घेताच ती उठून गेली.

संध्याकाळी भिंतीपलीकडून तिचा आवाज आला. "चार बायांत माह्या घराची शोभा केली! रडाची एवढी हौस आहे तं माहेरी जाऊन रड." दुसऱ्या दिवशी भिंतीच्या कडेनं बांबू रोवून त्यांनी हिरवी जाळी बांधली. मी शिडी लावली, स्वतः वर चढले आणि कॅमेऱ्याची मान मोटरच्या जागेकडे वळवली. पण सून आता मागच्या अंगणात येईनाशी झाली. तेवढी एक जागा होती तिला घरात, तीही माझ्यामुळे गेली.

काही दिवसांनी ती पिठाच्या गिरणीत भेटली. डबा मांडीवर घेऊन बसली होती. मी शेजारी बसले आणि काय बोलावं याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात तीच हळू आवाजात म्हणाली, "काकू, ते टीव्हीतलं मोबाईलात बी राह्यते का?"

"नाही गं बाई. सगळं पुसलं."

मी पाहिलंही नव्हतं, आणि बोलून मोकळी झाले. तिनं मान हलवली. तिला पटलं की नाही, मला समजलं नाही.

घरी येऊन मोबाईल उघडला. जे जे मी बोटानं बाजूला सारलं होतं, ते ते सगळं आत होतं. तारीखवार. कपडे वाळत घालताना ती, ओले केस झटकताना ती, साडी खोचून हौद घासताना ती, आणि घमेल्यावर बसलेली तर किती वेळा! पुसून टाकायला बोट उचललं आणि थांबले. मी पुसलं तरी तिनं माझ्यावर विश्वास का ठेवायचा?

बाजाराच्या दिवशी तिची सासू बाजारात गेली तशी मी त्यांच्या दारात गेले. "मी खोटं बोलले तुले," म्हटलं. "आहेत फोटो. चाल, तूच पूस." ती माझ्या मागं आली. माझ्या दारातल्या ओट्यावर बसली, मोबाईल घेतला. सगळे एकदम निवडता येतात, असं मी तिला दाखवायला गेले.

"नाही. पाहू द्या मले," ती म्हणाली.

ती एकेक फोटो उघडत होती, पाहत होती आणि पुसत होती. आपण किती दिसलो, हे तिला पाहायचं होतं. मी बाजूला बसून राहिले. एका फोटोत ती फोनवर बोलत खळखळून हसत होती. तो तिनं बराच वेळ पाहिला.

"कोणाशी बोलून राह्यली होती गं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी जीभ चावली. मग तिनं तोही पुसला.

सगळं झाल्यावर तिनं मोबाईल पदरानं पुसून माझ्या हातात ठेवला. वाटलं, आता उठेल. ती उठली नाही.

"आता काकांचा द्या," म्हणाली.

हे जेवून आतल्या खोलीत आडवे झाले होते. मी दारात उभी राहिले. एवढ्या वर्षांच्या संसारात ह्यांना काही मागताना माझा आवाज कधी कापला नव्हता, तो कापला.

"जरा तुमचा फोन द्या."

"कशाला?"

"ती आली आहे."

कोण ती, हे त्यांनी विचारलं नाही. उशाखालून फोन काढला, लॉक उघडलं आणि माझ्याकडे न बघता माझ्या हातात दिला.