थोरल्याला क्षमा नको

रत्नागिरीत तेव्हा सुपरहिरोची चित्रकथा उघडपणे वाचणारी मोठी माणसं माझ्या माहितीत तीनच होती. एक मी, सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावरचा कारकून, वय चोवीस. दुसरा माझा मित्र, बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला. तिसऱ्या एक शाळेतल्या बाई, मित्राच्या शेजारी राहणाऱ्या. बाईंचं बरं होतं. मुलांच्या दप्तरातून जप्त केलेला अंक त्या आधी वाचून काढत आणि मग मुलांना ओरडत. आम्हाला तो भाड्याच्या वाचनालयातून आणावा लागे. मी तो कचेरीत फायलीखाली ठेवून वाचायचो. एकदा फाईल सहीला आत गेली तेव्हा अंकही तिच्यासोबत गेला आणि सही होऊन बाहेर आला. खलनायकाच्या छातीवर साहेबांची सही. साहेबांनी काय वाचून सही केली हे विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि साहेबांचीही नसावी.

गोष्ट दोन भावांची होती. त्यांची नावं भारदस्त होती, पण आम्ही त्यांना थोरला आणि धाकटा एवढंच म्हणत असू. धाकटा उडायचा. थोरल्याच्या ओरडण्याने दगड फुटायचा. बाप धरणावरचा पहारेकरी. एकदा बापाशी भांडण होऊन थोरला धरणाकडे तोंड करून ओरडला, धरण फुटलं आणि गावासकट बाप गेला. तेव्हापासून थोरला तोंडाला लोखंडी पट्टी बांधून वाईट लोकांत फिरत होता, आणि दर महिन्याला धाकटा आकाशातून येऊन त्याला बडवत होता. चित्रकाराला पावलं काढता येत नसत, म्हणून जमिनीवरचं कुणीही असो, गुडघ्यापर्यंत धुक्यात असायचं. तरी आम्ही वाचायचो.

रविवारी दुपारी मित्राच्या पडवीत आमची सभा भरे. विषय एकच, थोरला सुधारावा की सुधारू नये. बाई त्याच्या बाजूने. मी विरुद्ध. मला थोरल्याचं काही पडलेलं नव्हतं. मला वादात जिंकायचं असे. मित्र मध्ये बसून दोघांचं ऐके आणि कोपऱ्यातल्या जाळ्याची गाठ उगाच सोडवत राही.

"त्या अंकात बघा की," बाई म्हणायच्या. "पोरं आगीत अडकली तेव्हा पट्टी काढून त्याने विहिरीचा कठडा फोडला नि पाणी आगीवर सोडलं. कुणी सांगितलं होतं त्याला?"

"एक विहीर फोडून धरण भरून येतं काय, बाई?"

"भरून नाय येत रे. पण मग त्याने करायचं काय? उभा जन्म पट्टी बांधून बसायचं?"

"बसायचं. बाप गेलाय."

मित्र एकदा हळूच म्हणाला, "धरण फुटेल हे त्याला ठाऊक नव्हतं."

"आपला आवाज ठाऊक होता ना?" मी म्हटलं. मित्र परत जाळ्याच्या गाठीकडे वळला आणि मी जिंकलो असं धरून चाललो.

आतून त्याची आई विचारायची, "कोण रे तो? आला काय परत?"

"पुस्तकातला गे आये," मित्र सांगायचा.

आता हे सांगायलाच हवं की मित्राला खराखुरा दादा होता. सहा वर्षांपूर्वी, नारळी पौर्णिमेला आठ दिवस असताना, समुद्राला नारळ पडायच्या आधी, दादाने घरची होडी पाण्यात घातली. बापाने नको म्हटलं होतं. वारा फिरला तसा बाप दुसऱ्याची लहान होडी घेऊन त्याला बोलवायला गेला. दादा परत आला. बापाचं मढं चौथ्या दिवशी पूर्णगडच्या किनाऱ्याला लागलं. बाराव्याला माझा मित्र सगळ्यांदेखत म्हणाला की माझा भाऊ पण त्याच दिवशी बुडाला. दादा त्याच दुपारी एसटीत बसला. मुंबईत गावकऱ्यांच्या खोलीत राहायचा, परदेशी जाणाऱ्या बोटीवर कामाला जाऊन यायचा, आईला पैसे पाठवायचा. धाकट्याला एक ओळ नाही. धाकट्याचीही त्याला नाही.

हे मला सगळं माहीत होतं. तेव्हा लक्षात आलं नाही असं म्हणायला मला आवडेल, पण ते खोटं आहे.

अंकाच्या शेवटच्या पानावर वाचकांची पत्रं छापत. मी सात पत्रं घातली, एकही छापून आलं नाही. मला वाटलं, आपल्या नावातच काहीतरी खोट आहे. म्हणून आठवं पत्र मी मित्राच्या नावाने घातलं, त्याच्या पूर्ण नावानिशी, खाली रत्नागिरी. अचानक स्वतःचं नाव छापलेलं बघून त्याचं तोंड कसं होतं ते बघायचं, एवढीच गंमत होती. पत्र असं होतं: 'थोरल्याला क्षमा नको. ज्याने बाप पाण्यात घालवला त्याने घराचं दार वाजवायचं नसतं. तो आला तरी धाकट्याने दार उघडू नये. मी धाकटा आहे. मी उघडणार नाही.'

शेवटची दोन वाक्यं कुठून सुचली हे मला पत्र लिहितानाच ठाऊक होतं. म्हणून तर ती चांगली झाली. पाकीट चिकटवताना मी स्वतःवर खूष होतो.

त्यानंतर महिन्याभराने, आषाढात, दादाचं आईला पत्र आलं. बाईंनी ते तिला वाचून दाखवलं. यंदा गणपतीला येऊ काय, धाकट्याला विचार, तो ये म्हणाला तरच येईन. आईने विचारलं. मित्र "बघू" म्हणाला. आईने आठ दिवसांनी परत विचारलं, परत बघू. तिला दम्याने धरलं होतं, जिना उतरताना ती तीनदा बसायची. एवढंच म्हणाली, "माझ्या डोळ्यांदेखत दोघांनी एक गणपती उचलून आणा. मग भांडा."

त्या दिवसांत मित्र थोरल्याबद्दल फार विचारू लागला. तो परत आला तर गाव काय म्हणेल. धाकट्याने पहिला शब्द कसला बोलावा. तो चित्रकथेविषयी बोलत नव्हता हे बाईंना कळत होतं, त्या जपून उत्तरं देत. मी मात्र दर रविवारी नवा मुद्दा घेऊन जायचो.

श्रावणात अंक आला. मुंबईत तो चार-पाच दिवस आधी मिळे. मी शेवटचं पान उघडलं आणि वाचनालयातच दोन उड्या मारल्या. भर पावसात सायकल हाणत मित्राकडे गेलो, बाईंनाही हाक मारली आणि पान समोर धरलं.

मित्राने वाचलं. एकदा, मग बोट ठेवून परत एकदा.

"हे मी नाय लिहिलं," तो म्हणाला.

"मीच लिहिलं, मेल्या. तुझं नाव पावलं बघ. माझी सात गेली कचऱ्यात."

बाई हसल्या नाहीत. "मुंबईत हे तुमच्या ओळखीचं कोण वाचतं?" त्यांनी विचारलं.

मित्राने अंक मिटला. "दादा घेतो. पहिला अंक घरात त्यानंच आणलेला."

मग मला कळलं. उशिरा कळण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

मित्र चिडला नाही. चिडला असता तर मला काहीतरी करता आलं असतं. तो म्हणाला, "मला वाटायचं, मला असंच म्हणायचंय. छापलेलं बघितलं तर तसं नाय वाटत." आणि कोनाड्यातली छत्री घेतली. "तार करतो. ये म्हणून."

इथे मी माझी दुसरी अक्कल पाजळली. आमच्याकडे तार म्हणजे मरण. तारवाला वाडीत शिरला की बायका आधी रडायला लागत, मजकूर मागाहून वाचत. मी म्हटलं, "तार बघून तो काय समजेल? आये गेली असंच समजेल. वाचायच्या आधी खाली बसेल माणूस. पत्र घाल, नीट चार ओळींचं. तीन दिवसांत पोचतं." कचेरीतला माणूस बोलतोय म्हटल्यावर मित्राला पटलं. बाईंनाही पटलं, हे मी इतक्या वेळा स्वतःला सांगितलं आहे की आता त्याचा उपयोग होत नाही.

पत्र त्याने माझ्यासमोर लिहिलं. 'दादा, ये. ते छापलेलं माझं नाही. आई वाट बघते. मी पण.' शनिवार होता. डाक गेली होती, ते सोमवारी निघालं.

मग गणपतीपर्यंत आम्ही वाट बघितली. आईने दादासाठी पाट धुऊन ठेवला. गणपतीच्या शाळेत, मूर्ती घडवतात तिथे, मूर्ती सांगताना तिने मूर्तिकाराला बजावलं की यंदा जरा मोठी कर, उचलायला दोघे आहेत.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दादाच्या खोलीतला एक गाववाला आला. हातात दादाची बॅग. तो पडवीत टेकला, पाणी प्याला आणि खाली बघूनच बोलला.

"अंक घेऊन आला नि वाचत बसला. मग मला म्हणाला, आमच्या धाकट्याच्या नावाचा दुसरा कोण असेल काय रे रत्नागिरीत? मी म्हटलं, असेल की. तर म्हणतो, असेल, पण त्याचा बाप बुडालेला नसेल. दोन दिवस जेवला नाय. एक बोट माणसांवाचून अडलेली, तिच्यावर सही केली. मंगळवारी बोट सुटली. तुझं पत्र आलं गुरुवारी."

बॅगेत आईसाठी लुगडं होतं, तो अंक होता आणि न फोडलेलं ते पत्र. मित्र ते पत्र उलटसुलट करून बघत होता, तेव्हा गाववाला आपला सहज म्हणाला, "तार केली असती तर मिळाली असती. सोमवारपर्यंत खोलीवरच होता."

त्या वर्षीची मोठी मूर्ती मित्राने आणि मी उचलून आणली. मला नको होतं. मित्र म्हणाला, "धर. एकट्याला झेपायची नाय."

दिवाळीनंतर त्याने मला कागद-पेन दिलं. बोटीच्या एजंटाला घातलेल्या पत्राचं उत्तर आलं होतं: हा इसम परदेशी बंदरात उतरून गेला, पुढे माहिती नाही. मित्र म्हणाला, "मुंबईत पाय ठेवलान तर आधी अंक घेईल. तू लिही. माझ्या नावाने लिही. तुझं छापतात."

मी लिहिलं. 'थोरल्याला क्षमा हवी. धाकट्याने दार उघडलं आहे.' दर महिन्याला एक, दर वेळी निराळ्या शब्दांत. आजवर इतकं जीव तोडून मी काही लिहिलेलं नाही, आणि त्यातलं एकही छापून आलं नाही. त्या पानावर कुणीतरी धाकट्याच्या टोपीच्या रंगावर लिहायचं, ते छापायचे.

नवा अंक आला की आई मला विचारायची, "छापलं काय रे बाबा?"

सहा महिने मी नाही म्हणत राहिलो. सातव्या महिन्यात ती अंथरुणातून उठत नव्हती. मी म्हटलं, "हो, छापलं."

"काय छापलंनी?"

मी हातातल्या अंकाचं शेवटचं पान उघडलं आणि माझं पत्र तोंडपाठ वाचून दाखवलं. पानावर साबणाची जाहिरात होती. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "मग आता येईल." मित्र दारात उभा होता. तो जाहिरातीकडे बघत होता.

दया म्हणून बोललो, असं मी पुढे काही वर्षं मानत होतो. पण त्या खोट्याने तिला सुख लागलं नाही, तिची झोप उडाली. एसटीच्या वेळा तिला पाठ झाल्या. सकाळची मुंबई गाडी येऊन गेली की ती चेहरा भिंतीकडे करायची आणि दुपारच्या गाडीला परत दाराकडे वळायची. त्या वर्षी गणपती आणायची वेळ झाली तरी तिने मित्राला जाऊ दिलं नाही. थांब, तो येईल, दोघे जा. भटजी दोनदा येऊन गेले. शेवटी मित्र तिच्याजवळ बसून म्हणाला, "आये, दादाची गाडी मागे राहिली. मी पुढे होतो." तीही मग खोटंच बोलली. म्हणाली, "बरं."

मार्गशीर्षात ती गेली. आम्ही तार केली, मुंबईच्या खोलीवर, निदान तिथे तरी कळावं म्हणून. तार वेळेत पोचली.

दोनएक वर्षांनी ते मासिक बंद पडलं. शेवटचा अंक बाईंनी आणला. त्यात थोरला तोंडाची पट्टी काढून, पावलं धुक्यात, घराच्या दाराशी उभा होता आणि धाकट्याने दार उघडलं होतं. बाई रडल्या. मी मित्राकडे बघायचं टाळलं.

त्याने अंक नीट मिटला आणि बाईंना परत दिला. "ह्यांचा आला," म्हणाला. मग घड्याळ बघितलं. कारखान्याचा भोंगा व्हायला दहा मिनिटं होती. तो चपला घालून उतरणीला लागला, आणि मी आणि बाई पडवीत बसून राहिलो.