दोन दुकानांची दोन वजनं

देव जरी दारात येऊन उभा राहिला असता, तरी माझ्या आत्याने आधी त्याचं आधार कार्ड मागितलं असतं, आणि कार्डावरचा फोटो त्याच्या तोंडाशी जुळतो का हे चष्मा पुसून दोनदा पाहिलं असतं. धरणगावजवळच्या खेड्यात तिची कापसाची शेती. जन्मभर व्यापाऱ्याच्या काट्यावर कापूस घालून तिची अशी पक्की खात्री झाली होती, की जगात जिथे म्हणून काही मोजलं जातं, तिथे कुणीतरी गुपचूप पारड्याला हात लावतो. दूधवाला, एसटीचा कंडक्टर, टीव्हीवर पावसाचा अंदाज सांगणारी बाई, सगळे तिच्या लेखी एकाच टोळीतले. फैजपूरच्या नातेवाइकांनी प्रेमाने केळी पाठवली, तर "इतला कसाले धाडा व्हई?" असं पुटपुटत ती एकेक फणी उलटून बघायची. त्यांना काहीच नको होतं हे कळल्यावर तर तिचा संशय दुप्पट व्हायचा.

अशी ही आत्या माझ्या पहिल्या बाळंतपणात माझ्या माहेरी, जळगावच्या फ्लॅटमध्ये दाखल झाली, ती आईने बोलावलं म्हणून. मला दूध पुरत नव्हतं. मुलगी रडून रडून लाल व्हायची, मी तिच्याबरोबर रडायची, आणि आई दोघींकडे बघून स्वयंपाकघरात जाऊन रडायची. आत्याने घरातली बाजरी फेकायला लावली आणि स्वतःच्या शेतातली काढली. डिंक रात्रभर पाण्यात घालून तो खरा आहे की नाही याची परीक्षा घेतली. लाडू वळले, अहळिवाची खीर केली, शेपू शिजवला, आणि डबा स्वतःच्या उशाशी ठेवला. माझा नवरा धुळ्याहून येऊन परत निघाला, की चप्पल घालायच्या आत आज्ञा सुटायची, "जावईबापू, हात दखाडा." मग ती त्याच्या बोटांचा वास घ्यायची. सांगायला लाज वाटते, पण बोटांना लाडवाचं तूप असायचंच.

एकदा डॉक्टरीणबाईंकडे बाळाचं वजन केलं. काही वाढलं नव्हतं. "पुढच्या खेपेला असंच राहिलं तर वरचं दूध सुरू करावं लागेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही," असं त्या म्हणाल्या, आणि मी तिथेच घाबरले. आत्या मात्र माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती काट्याकडे बघत होती. पिशवीत हात घालून तिने किराणा दुकानातलं एक किलोचं लोखंडी वजन काढलं आणि बाळाच्या काट्यावर ठेवलं. मग दुसरं काढलं. दोन वजनं दोन वेगळ्या दुकानांतून मागून आणली होती, कारण एक दुकानदार खोटा निघाला तर? काट्यावर बरोबर दोन किलो आले. डॉक्टरीणबाई हसायला लागल्या. आत्याचा चेहरा मात्र घरातलं कुणी गेल्यासारखा झाला. "काटा खरा शे," ती हळूच म्हणाली. बाईंनी मला बाळ कसं धरायचं ते दाखवलं, पुन्हा पुन्हा पाजायला सांगितलं आणि भरपूर झोपायला सांगितलं. जिना उतरताना आत्या म्हणाली, "डॉक्टरीण खरं बोलस. यानाच माले संशय येस."

काटा संशयातून सुटला, म्हणजे आता माणसं उरली. दुसऱ्या दिवसापासून आत्याने माझ्या खोलीच्या दारात खुर्ची टाकली. शेजारच्या काकू बाळ बघायला आल्या आणि आवाज बारीक करून विचारती झाल्या, "पुरतं ना हो बाळाला?" आत्या म्हणाली, "तुमना चहापुरतं येगळं ठेवेल शे, बसा." काकू चहा न घेताच उठल्या. धुळ्याहून सासूबाई आल्या. माणूस वाईट नाही, पण बोलण्याच्या ओघात म्हणाल्या, "आमच्याकडे आजवर कुणाला कमी नाही पडलं." आत्याने लगेच विचारलं, "तवय मोजेल शे का कोनी?" त्यानंतर सासूबाईंनी हवापाण्यावर बोलणं पसंत केलं. व्हिडिओ कॉल आला की आत्या फोन पालथा घालायची, कारण तिकडून आणखी कोण कोण डोकावतं याचा काय भरवसा! आत मात्र शांतता असायची. मी जेवायची, पाजायची, झोपायची, उठून परत पाजायची. "तू पड वं माय, मी देखस," एवढंच मधूनमधून दारातून ऐकू यायचं.

पुढच्या खेपेला वजन वाढलेलं निघालं. चांगलं वाढलं. बाळ नीट धरायला शिकले म्हणून, झोप मिळाली म्हणून, की बाजरीने, कोण जाणे. आई पेढे आणायला धावली. आत्याने मात्र बाळाला काट्यावरून उचललं, झबल्याच्या खिशात कुणी काही घातलं नाही ना ते चाचपलं, आणि परत ठेवलं. मगच ती हसली.

घरी येताना रिक्षात मी तिला छेडलं. "आत्या, तू काट्यावर संशय घेतलास, डॉक्टरवर घेतलास, माझ्या सासूवर घेतलास. माझ्यावर कसा नाही घेतलास ग?" सगळे आपल्याकडेच बघताहेत, आपल्यातच काही कमी आहे, हे मी तोवर मनात धरूनच बसले होते. आत्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "मना येळले बठ्ठा लोक मनाकडेच बोट दखाडेत. आंडोर रडना की मनाच दोस. एकनी बी इचारं नही, बाई, तू जेवनी का." हा तिचा आंडोर, म्हणजे माझा आतेभाऊ, आज इतका सुटलाय, की दारातून आडवा होऊन आत येतो. पण ती हे सांगताना मला एक किरकिरं बाळ दिसलं, आणि ते मांडीवर घेऊन उपाशी बसलेली एक पोर. मला रडू आलं. "रडस कसाले?" असं म्हणत तिने माझ्याकडेही एकदा संशयाने पाहिलं. तेवढंच एकदा.

आत्या आता नाही. गेल्या हिवाळ्यात त्याच आतेभावाच्या सुनेला शिरपूरला मुलगा झाला, म्हणून बघायला गेले. खोलीत बायका दाटीवाटीने बसलेल्या. मधे ती पोरगी बाळाला घेऊन मान खाली घालून. "दूधच पुरत नही वं ताई तिले," आतेभाऊ दारातूनच मला म्हणाला, तिला ऐकू जाईल अशा आवाजात. मी त्याच्याकडे असं बघितलं, की तो आडवा आला होता तसाच आडवा मागे गेला. मग सगळ्या बायकांना चहाला म्हणून बाहेर काढलं, दार लोटून घेतलं आणि तिच्याजवळ बसले.

"तू जेवलीस का ग?" मी विचारलं.

ती नुसती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडत राहिली. बाहेर तिच्याबद्दल कोण काय बोलतंय, ते मी कान देऊन ऐकत होते.