दोनदा मोजलेल्या इमारती

परवा पार्सल घेताना जपानी पद्धतीप्रमाणे सहीऐवजी नावाचा शिक्का मारला आणि लाल शाईच्या वासाने तोयोसु भागातलं जुनं ऑफिस आठवलं. तिथे आम्ही शहरातल्या मंजूर बांधकाम नकाशांचा मासिक अहवाल करायचो; मोजणी मी लिहिलेला प्रोग्रॅम करायचा. आलेखात मंजुऱ्या वाढत होत्या, खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन मात्र कमी होत होत्या. पुण्याहून आलेल्या नव्या मुलीवर माझा संशय गेला. "आकडे फुगवलेस ना?" "काका, मी हातसुद्धा लावला नाही. तुमचा प्रोग्रॅम बघा ना एकदा." मी न बघताच तिनेच आकडे फुगवले असं साहेबांना सांगितलं आणि तिला पुण्याला परत पाठवलं गेलं. नंतर कळलं, नकाशा बदलला की नवा मंजुरी क्रमांक मिळतो आणि माझा प्रोग्रॅम तीच इमारत पुन्हा मोजत होता. मी तो गुपचूप दुरुस्त केला, अहवालावर नेहमीसारखा शिक्का मारला. चूक माझी होती, हे आज पहिल्यांदा लिहितोय.