खानावळीच्या भिंतीवरचा नकाशा

चौथीच्या वर्गात आम्हाला जिल्ह्याचा नकाशा काढायला लावायचे. तोंडी उत्तर द्यायचं झालं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची, पण नकाशा मी पुस्तकात न बघता काढायचे. समुद्र कुठे, पालघर कुठे, मनोरचा रस्ता कुठे वळतो, सगळं डोळ्यांपुढे असायचं. चौथीनंतर शाळा सुटली. नकाशाचं काम पुन्हा पडेल असं वाटलं नव्हतं. ते पडलं एका खानावळीत, भाजी चिरता चिरता.

तेव्हा तारापूरच्या बाजूला मोठं बांधकाम निघालं होतं आणि कुठकुठून माणसं कामाला आली होती. त्यातल्या एका टोळीचं दुपारचं जेवण आमच्या खानावळीतून जायचं. खानावळ म्हणजे पत्र्याची लांबट शेड. चिंचणीची एक विधवा बाई ती चालवायची. तिला सगळे मावशी म्हणत, टोळीचा मुकादमसुद्धा. मी भाजी आणि डाळ बघायचे. एक तोंडाळ बाई भाकऱ्या करायची, आणि डोंगरातल्या पाड्यावरून येणारी एक बाई चुलींचा जाळ सांभाळायची. टोप शिजले की ते बैलगाडीत चढवायचे आणि दुपारच्या सुट्टीचा भोंगा वाजायच्या आत कामावर पोचवायचे.

गाडी रोज उशिरा जाऊ लागली. आधी थोडी, मग इतकी की माणसं जेवायला बसेपर्यंत अर्धी सुट्टी संपलेली असे. एका सोमवारी मुकादम स्वतः शेडमध्ये आला. ओरडला नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "मावशी, भोंगा बजता है और हमारा आदमी खाली थाली लेके बैठता है. शनिवार तक देखूँगा." शनिवारीही उशीर झाला तर काम पालघरच्या एका माणसाला जाणार, हे त्याने गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं.

माझ्या नवऱ्याचा हात होडीच्या दोरात सापडून अधू झाला होता. खानावळ गेली तर माझ्यापुढे एकच धंदा उरत होता, डोक्यावर टोपली घेऊन बाजारात मासळी विकायचा. त्यात गिऱ्हाईक हाका मारून बोलवावं लागतं, भावावरून भांडावं लागतं. माझ्या सासूने ते जन्मभर केलं. मला ते जमलं नसतं. एकदा प्रयत्न केला होता, तर पापलेटं तशीच घरी आणली होती आणि शेजारणी आठवडाभर हसत होत्या.

मुकादम गेल्यावर प्रत्येकीने कारण काढलं. भाकरीवाली म्हणाली, लाकडं ओली. जाळवाली म्हणाली, लाकडं तिने स्वतः वाळवलीत, तांदूळच चिवट. मावशीने सफाळ्याहून दुसरा तांदूळ आणायचं ठरवलं. गाडीवाल्याच्या बैलांनाही दोष लागला. मलाही कारण माहीत नव्हतंच. पण प्रत्येकीला आपापलीच चूल दिसत होती, एवढं मला कळत होतं.

माझा बाप मासेमारीतला. समुद्रात जाळ्यांचे खुंटे रोवायच्या आधी तो वाळूवर शिंपल्या मांडून बसायचा. ही भरती, हा वारा, हा शेजाऱ्याचा खुंटा. शिंपल्या सरकवत राहायचा, आणि मग एकदम उठायचा. मंगळवारी गाडी गेल्यावर मला ते आठवलं. चुलीतला कोळसा घेऊन मी मागच्या भिंतीवर मधोमध गाडी काढली. तिच्यापासून चार फांद्या ओढल्या: भात, डाळ, भाजी, भाकरी. प्रत्येक फांदीवर त्या पदार्थाची कामं क्रमाने काढली. धुणं, चिरणं, आधण, चूल, फोडणी. मोठ्या चुली दोनच होत्या, म्हणून भात, डाळ आणि भाजीच्या फांद्या त्या दोन चुलींवरून वळवून न्याव्या लागल्या.

भाकरीवालीने पाहिलं. "मुकी बाय भिंतीशी बोलाया लागली. भिंत काळी केल्यानं भात शिजतो काय गं?"

जाळवाली मात्र उठून जवळ आली. तिच्या पाड्यावर लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. तिला चित्र वाचायला वेळ लागला नाही. "ही चूल माजी हाय," ती म्हणाली, "पन मी कुठं हाय?" मी तिला चुलीजवळ काढली. मग भाकरीवालीलाही राहवलं नाही. मला काढ, आणि जरा बारीक काढ, असं तिने बजावलं.

बुधवारी मी भिंतीखाली जमिनीवर तोच नकाशा पुन्हा ओढला, टोपांना जे जे लागतं ते खापऱ्यांवर कोळशाने काढून त्यावर मांडलं आणि ओच्यात चिंचोके घेतले. जिथे एखादा टोप नुसता थांबलेला दिसेल तिथे एक चिंचोका ठेवायचा. लाकडासाठी थांबला तर लाकडापाशी, पाण्यासाठी थांबला तर पाण्यापाशी. सकाळभर हात कामात आणि डोळे टोपांवर होते. गाडी त्या दिवशीही उशिराच गेली. ती गेल्यावर मी जमिनीकडे बघितलं. लाकडापाशी एक चिंचोका होता, पाण्यापाशी दोन. बाकी सगळ्यांचा ढीग एकाच जागी झाला होता, मिठाच्या बरणीपाशी.

आमच्याकडे मोठ्या स्वयंपाकात मीठ एकाच हाताचं असतं. दोन हात पडले की जेवण खारट होतं नाहीतर आळणी. खानावळीत तो हात मावशीचा. पण मावशी सकाळी बाजारात जायची, कारण भाजी दुसऱ्या कुणी निवडलेली तिला पटत नसे. तिथून आली की दुसऱ्या दिवशी जेवायला किती पानं ते विचारायला कामाच्या फाटकापर्यंत जायची. तोवर शिजलेली डाळ मिठासाठी चुलीवर खोळंबायची. दुसऱ्या चुलीवर भाताचं आधण उकळत असायचं, पण मीठ पडल्याशिवाय त्यात तांदूळ वैरायचे नाहीत. चुली अडल्या की भाजीला जागा नाही. मीठ घालायचं इतकं अंगवळणी पडलं होतं की ते काम आहे हेच कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कारणं काढताना तिघींपैकी एकीनेही मिठाचं नाव घेतलं नव्हतं.

मावशीला हे कसं सांगायचं? तिच्यामुळे गाडी चुकते हे तिच्या तोंडावर म्हणायचं माझ्यात बळ नव्हतं. पण चिंचोके मी उचलले नाहीत. मावशी फाटकावरून आली, जमिनीकडे बघत उभी राहिली.

"ही बरणी काय?"

मी मान हलवली.

"आनि हे?"

"थांबलेले टोप," मी म्हणाले. आवाज फुटला याचं मलाच नवल वाटलं.

तिने बसून चिंचोके मोजले. रागावेल असं वाटलं होतं, पण तिचा चेहरा उतरला. "म्हंजे मीच," ती म्हणाली. मग हट्टाने म्हणाली, "पन मीठ मी कुनाच्या हाती देनार नाय."

मी पुन्हा नकाशाकडे बघितलं. बाप शिंपली सरकवायचा तशी मी बरणीची खूण उचलली. आतापर्यंत ती चुलींच्या पुढे होती. ती मी पार मागे नेली, फांद्या जिथून सुरू होतात तिथे, मावशी बाजारात निघते त्याच्याही आधी. मावशीने खुणेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे येतानाच तिने पळसाची पानं आणली. द्रोण करून प्रत्येकात तिने आपल्या मुठीने मीठ घातलं आणि ज्या त्या टोपाशेजारी ठेवलं. हात तिचाच राहिला. थांबणं गेलं.

गुरुवारी गाडी भोंग्याबरोबर पोचली. शुक्रवारी थोडी आधी. भाकरीवाली सांगत सुटली की भिंतीवर तिला काढल्यापासून हे झालं.

शनिवारी मावशी फाटकावर असताना मी डाळीसाठी द्रोण उचलला, तर तो हलका लागला. आमच्या हवेत खडेमीठ पाणी सोडतं. द्रोणाची शिवण उसवली होती आणि निम्मं मीठ जमिनीत मुरलं होतं. मावशीची वाट बघितली तर सगळा आठवडा फुकट गेला असता. जाळवाली माझ्याकडे बघत होती. भाकरीवालीचं थापणं थांबलं. मी बरणीत हात घातला, मावशीची मूठ माझ्या मुठीपेक्षा केवढी मोठी ते आठवलं, आणि कमी पडलं होतं तेवढं मीठ डाळीत टाकलं. टोप उतरवला, भाजी चढवली.

मावशी आली तेव्हा गाडी भरत होती. तिने नेहमीप्रमाणे डाळ पळीतून तळहातावर घेऊन चाखली आणि माझ्याकडे वळली.

"मीठ कुनी घातलं?"

"द्रोण गळला. मी घातलं."

तिने पुन्हा एकदा चाखली. मग टोपावर झाकण ठेवलं आणि गाडीवाल्याला निघायला सांगितलं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, ती कामावर पोचली असेल एवढ्या वेळाने भोंगा वाजला, आणि काम काढून घेतल्याचा मुकादमाचा निरोप काही आला नाही. सोमवारी पहाटे मावशीने द्रोण मांडले. डाळीच्या टोपाशेजारची जागा तिने रिकामी ठेवली होती.

"तिथं नाय ठेवला," मी म्हणाले.

"डाळीचं तू घाल," ती म्हणाली, आणि पिशवी घेऊन बाजारात गेली.