वडीगोद्रीचे डॉक्टरमामा

आईचे धाकटे भाऊ, आमचे वडीगोद्रीचे डॉक्टरमामा, माणसाचा चेहरा कधी बघतच नसत. ते त्याचे खांदे बघत. समोरच्याने नमस्कार केला की त्याची मान कुठे अडते, कप उचलताना कोपर कुठे थांबतं, इकडेच त्यांचं ध्यान. लग्नाच्या पंगतीत आग्रह करायच्या निमित्ताने ते लोकांच्या मागून फिरत आणि एखाद्याच्या पाठीत नेमक्या जागी अंगठा दाबत. त्याच्या हातातला लाडू पत्रावळीत पडे, आणि मामा समाधानाने म्हणत, "सापडली." मामी कपाळाला हात लावत. "अहो, लोक जेवायला आलेत, दवाखान्यात न्हाई."

सापडायची ती स्नायूतली हरभऱ्याएवढी गाठ. दुखणं एकीकडे आणि गाठ भलतीकडे, हा मामांचा लाडका सिद्धान्त. त्या गाठीत बारीक सुईने बधिर करायचं औषध सोडलं की ती सैल पडते, असं ते सांगत. नव्वद सालाच्या सुमारास आमच्या भागात हे कुणी ऐकलं नव्हतं. आम्ही घरचे तर हसायचो.

हसणं थांबलं ते बाबांच्या वेळी. त्यांचा डावा हात खांद्यापासून करंगळीपर्यंत ठणकायचा, वर जाईना. हे काळजाचंच दुखणं, असं त्यांनी मनाशी धरलं. जालन्याला जाऊन छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, ती चांगली निघाली. तरी विश्वास बसेना. त्यांनी बैल विकले आणि आम्हा भावांना समोर बसवून वाटणीचं बोलले. तेव्हा आईने मामांना निरोप धाडला.

मामा कुंभार पिंपळगावला आले, आधी ती पट्टी नीट पाहिली. मग बाबांना पालथं झोपवून पाठीवरच्या फऱ्याच्या हाडाच्या कडेला अंगठा रोवला. बाबा कळवळले.

"करंगळीत गेली कळ."

"कुठून गेली, दाजी?"

"तुम्ही दाबलं तिथून."

"मंग? काळीज तिथं बिलकुल नसतंय."

सुई शिरली तेव्हा कातडीखाली मासोळी उसळावी तसा स्नायू उडाला. आम्ही सगळे मागे सरलो. थोड्या वेळाने मामांनी हात वर करायला सांगितला. बाबांनी भीत भीत उचलला, तो थेट कानाला लागला. त्यांनी तो खाली घेतलाच नाही. तसाच वर धरून ओसरीवर गेले आणि तुळईला हात लावून उभे राहिले.

"रोज असाच ताणायचा," मामा म्हणाले, "न्हाईतर गाठ परत येती."

वाटणीचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी बाबा गेले, म्हातारपणाने. दहाव्याला मामा आले. आई भिंतीला टेकून बसली होती, मान ताठ, डोळे कोरडे. मामी हळूच म्हणाल्या, "अक्कांची मान बघा हो."

मामांनी तिच्या मानेवर हात ठेवला आणि ते तिच्या शेजारी खाली बसले.

"अक्का, आज सुई न्हाई. रडून घे."

आईने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. रडून रडून तिला तिथेच झोप लागली. मामी चहा घेऊन आल्या, माणसं आली, गेली; मामांनी ऊन उतरेपर्यंत तो खांदा हलू दिला नाही.