बुटांच्या खोलीबाहेर

नाशिक रोडच्या आमच्या घरी दाराशी पत्नीच्या तपकिरी सँडल अजून तशाच आहेत. ती जाऊन तीन महिने झाले. आज सूनबाईने हळूच विचारलं, "बाबा, आईंच्या सँडल कुणाला देऊन टाकू का?" आणि मला ती खोली आठवली.

काही वर्षांपूर्वी मुलगा पोलंडला नोकरीला होता. त्याच्याकडे गेलो असताना आम्ही हिटलरच्या काळातली ज्यू कैद्यांची छळछावणी पाहिली. एका खोलीत काचेमागे, मारल्या गेलेल्या माणसांच्या बुटांचा मोठा ढीग होता. पत्नीने देवळाबाहेर काढाव्यात तशा दाराबाहेरच सँडल काढल्या.

"अगं घाल, लोक बघतायत," मी ओशाळून म्हणालो.

"बघू देत. एवढ्यांना बूट काढायला लावले, मी कशी घालून जाऊ?"

गार फरशीवर अनवाणी, एका लहानग्या बुटासमोर ती बराच वेळ उभी राहिली. बाहेर येऊन पट्टा लावताना म्हणाली, "मला निदान परत घालायला मिळाल्या." मी घड्याळ बघत होतो.

सूनबाईला म्हटलं, "राहू देत थोडे दिवस." मग खाली बसून सँडलवरची धूळ पुसत राहिलो. आज मला कसलीच घाई नव्हती.